सही आधी, ठराव मागाहून

मु. खडकाळवाडी, ता. भूम
५ सप्टेंबर २०२४

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

तीर्थस्वरूप सिद्रामअण्णांस,
धाकटी बहीण गजरा हिचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की अख्ख्या गल्लीला ऐकू येतं, म्हणून कागदच बरा. इकडं सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे. पण मी खुशाल नाही, मला राग आलाय.

ग्रामपंचायतीची नोटीस आली आहे. गावठाणात धूर होतो म्हणून माझी खव्याची भट्टी पंधरा दिवसांत बंद करा, नाहीतर आम्ही येऊन पाडू. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तसा सर्वानुमते ठराव झाला म्हणे. अण्णा, त्या सभेला मी स्वतः होते! झेंडावंदन झालं, रजिस्टरात सह्या झाल्या, चहा झाला, नळाच्या पाण्यावरून दोघं भांडले आणि आम्ही घरी आलो. भट्टीचं नावही कुणी काढलं नाही. ग्रामसेवकाला जाब विचारायला गेले तर त्यानं रजिस्टर उघडून पुढ्यात ठेवलं. ठरावाखाली माझीच सही. वर म्हणतो कसा, मावशी, तुमीच कबूल केलंय की.

जागा पंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर माझ्या नावानं आहे. मालक गेल्यावर या हातांनी विटा रचून मी ती भट्टी बांधली. बारा घरांचं दूध पहाटे माझ्या कढईत येतं, आणि आता गणपती-नवरात्राचे दिवस तोंडावर आलेत. मी बंद करणार नाही. नोटीस भट्टीशेजारीच खिळ्याला अडकवली आहे, पिवळी पडू दे धुरानं. तुम्ही एकतीस वर्षं ग्रामसेवक होता. माझी सही त्या ठरावाखाली गेली कशी, तेवढं मला सांगा.

वहिनींना नमस्कार. या भांडखोर बहिणीवरची माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
गजरा


धाराशिव
१० सप्टेंबर २०२४

चि. गजरास,
अण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र हातात घेतलं तेव्हाच गरम लागलं. तू सात वर्षांची असताना वडिलांनी तुझी कालवड बाजाराला काढली, तर तिचं दावं कमरेला बांधून तू दारात बसली होतीस. कालवड राहिली, आणि तेव्हापासून तुला वाटतं की हट्ट धरला की सगळंच राहतं.

बाई, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. गावठाणात आता घराला घर लागलंय. जागा तुझी हे खरं, पण धूर काही नमुना आठ बघून थांबत नाही. भट्टी मळ्यात हलव. ज्यानं कुणी अर्ज केला असेल, त्यालाही काही त्रास असेलच. सहीचं म्हणशील तर दफ्तरात असं होतं कधीकधी. त्यात फार खोल जाऊ नये.

तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतोय, बाकी ठीक. राग थोडा उतरला की दोन ओळी लिही, वाट पाहतो.

तुझा,
अण्णा


खडकाळवाडी
१४ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

राग उतरलेला नाही, तरी लिहिते आहे. मी विचारलं ते सोडून तुम्ही सगळं लिहिलंत. मळ्यात ना पाणी ना वीज. पहाटे चारला एकट्या बाईनं तिथं जाऊन कढईत उलथणं फिरवायचं का? तुम्ही याल सोबतीला?

अर्जाची नक्कल मिळाली. खाली नाव कुणाचं असावं? खाजाभाईंचं! भिंतीला भिंत लागून तीस वर्षं झाली. मालक गेले तेव्हा पहिला चहा त्यांच्या घरच्या नूरुन्निसाभाभीनं आणला होता. दर रमजान ईदला त्यांच्या शिरखुर्म्यात माझा खवा असतो, आणि ईदचा पहिला वाटा माझ्या घरी येतो. समोरासमोर एक शब्द नाही आणि पाठीमागं अर्ज. मला नोटिशीपेक्षा हे जास्त लागलं. परवा रात्री जेवण गेलं नाही.

मग मीही गप्प बसले नाही. काल मुद्दाम बाभळीची ओली लाकडं घातली. वारा पलीकडंच होता. म्हटलं घ्या, हे तुमच्या अर्जाला उत्तर. दुपारपर्यंत त्यांची खिडकी बंद होती.

आणि सहीचं विचारलंय, त्याचं उत्तर पाहिजे. ते आलं की माया मागेन.

गजरा


धाराशिव
१९ सप्टेंबर २०२४

चि. गजरास,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि त्याआधी एक कबुली.

तुझी सही कशी गेली ते मला पहिल्या पत्रालाच ठाऊक होतं. चहा झाला की माणसं पांगतात, म्हणून सभेच्या सुरुवातीलाच हजेरीच्या सह्या घ्यायच्या आणि वर जागा मोकळी सोडायची. ठराव मी रविवारी घरी बसून निवांत लिहायचो. एकतीस वर्षं असंच केलं. काम लवकर उरकतं याचा मला अभिमान होता. तुझ्या गावचा ग्रामसेवक नोकरीला लागला तेव्हा पहिली दोन वर्षं माझ्याच हाताखाली होता. ही रीत मीच त्याला शिकवली, गजरा. मी खोटं काही लिहिलं नाही असं स्वतःला सांगत आलो, पण सही करणाऱ्याला वाचून कधी दाखवलं नाही, तेही खरं आहे. आता कुणाकुणाच्या सह्या कशाकशाखाली गेल्या ते आठवत बसतो.

दोन ऑक्टोबरला पुन्हा ग्रामसभा आहे. वहिनीला सोडून मला येता येणार नाही. हे पत्र तिथं वाचायला दे. माझं नाव झाकू नकोस.

पण ओल्या लाकडांचं तू केलंस ते वाईट केलंस. पंचायतीनं तुझ्यावर अन्याय केला, त्याची शिक्षा शेजारणीला कशाला? जा तिच्याकडं.

या वयात माझी लाज निघणार आहे, तेव्हा माया आता मीच तुझ्याकडं मागतो.

अण्णा


खडकाळवाडी
४ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप अण्णांस,
गजराचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमचं पत्र यायच्या आधीच मला जावं लागलं होतं. पंधरा तारखेला सकाळी नूरुन्निसाभाभीला भूमच्या दवाखान्यात नेलं. तिला वर्षभरापासून दमा आहे. भिंतीपलीकडं राहून मला पत्ता नव्हता. मी दवाखान्यात गेले, ओल्या लाकडांचं सांगितलं आणि रडले. ती धापा टाकत म्हणाली, ज्या घरचा खवा ईदला खातो, त्या घराला धूर आवरा म्हणायला जीभच रेटली न्हाय. कागदाला जीभ लागत न्हाय, म्हणून अर्ज केला. भट्टी पाडा असं आमी कुठं म्हणलं व्हतं?

त्याच आठवड्यात भूमहून माणूस आणून वीस फुटांचं धुराडं बसवलं. लाकूड आता खडखडीत वाळलेलंच. भाभी घरी आली आहे, खिडकी उघडी असते.

वीस तारखेला पंचायतीची माणसं पहारी घेऊन आली. मी भट्टीपुढं बसले. तुम्ही लिहिलेली ती कालवड आठवली. पण माझ्याही आधी खाजाभाई फाटकात उभे राहिले. हातातली शिलाई टाकून आले होते, गळ्यात माप घ्यायची फीत तशीच होती. म्हणाले, अर्ज माझा हाय, धूर थांबलाय, आता पहार लावायची तर आधी मला लावा. माणसं परत गेली.

दोन तारखेला सभा. ग्रामसेवकानं नेहमीसारखं रजिस्टर फिरवलं. माझ्याकडं आलं तेव्हा मी पेन मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, आधी लिहा, मग वाचा, मग सही. शेजारी कोंडाबाई होती, तिनंही पेन ठेवलं. मग एकेक करत सगळ्या बायकांनी. सरपंच चिडले, सभा तहकूब करतो म्हणाले. तेव्हा मी तुमचं पत्र खाजाभाईंना वाचायला दिलं. तुमचं नाव आलं तेव्हा मी पदर सावरून ताठ बसले, अण्णा. माणसं कुजबुजली, एकजण हसलाही, खोटं कशाला सांगू. ग्रामसेवक मात्र मान खाली घालून ऐकत होता. मग त्यानं कोरं पान काढलं आणि सगळ्यांपुढं लिहायला बसला.

भट्टी पाडायचा ठराव रद्द झाला. पुढं त्यानं वाचलं की पंचायतीच्या आदेशानुसार गजराबाईंनी उंच धुराडं बसवलं. मी म्हटलं, खोडा. आदेशानं मी एक वीट हलवली नाही. शेजारणीला श्वास घेता यावा म्हणून केलं, तसंच लिहा. त्यानं खोडलं आणि तसंच लिहिलं. पुन्हा सगळं मोठ्यानं वाचलं. पहिली सही खाजाभाईंनी केली, मी सगळ्यांत शेवटी. माझ्या नावाच्या वर काय लिहिलंय ते या वेळी मला पाठ आहे.

एसटीच्या ड्रायव्हरकडं खव्याचा डबा पाठवला आहे. वहिनींना सांगा, बंद झालेल्या भट्टीचा नाही. दुधासारखा तुमचा लोभही मंद आचेवर राहू द्या, म्हणजे घट्ट होईल.

तुमची हट्टी,
गजरा