मशीन कुणाच्या नावावर

मु. भुशी, लोणावळा
मंगळवार, २१ नोव्हेंबर १९७८

प्रिय लीला,

तुझं पत्र दिवाळीच्या आधी आलं आणि उत्तराला मी इतके दिवस लावले म्हणून तू रागावली असशील. रागाव. पण आधी माझा राग ऐकून घे, मग तुझा काढ. डोकं नुसतं भणभणलंय बघ. भात कापून खळ्यावर पडलंय, झोडायला माणूस मिळत नाही, आणि मी महिनाभर भुशी ते लोणावळ्याची बाजारपेठ अशा खेपा घालतेय. का, तर मी गिऱ्हाईक आहे हे एका दीडशहाण्या दुकानदाराला पटवायला! अगं, आपण दोघी शिलाई मशीन घ्यायला गेलो त्या दिवशी हाच माणूस गादीवरून उठून 'या ताई, बसा ताई' करत होता. स्वतःच्या हातानं बशीत चहा ओतून दिला होता. आता मला बघितलं की वहीत डोकं खुपसतो आणि विचारतो, बाई, तुम्ही कोण?

झालंय असं की माझं मशीन टाके सोडतंय. चार टाके घालतं आणि पाचवा गिळतं. तुझं कसं न कुरकुरता चालतं हे तू लिहिलंस, वाचून बरं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडी जळलेही. एकाच दिवशी, एकाच दुकानातून, शेजारी शेजारी ठेवलेली दोन मशीनं घेतली आपण, आणि नेमकं नाठाळ माझ्या वाट्याला यावं! तेल घातलं, सुई बदलली, दोरा बदलला, पुण्याहून आलेल्या एका शिंप्याला दाखवलं. तो म्हणाला, आतला भागच वाकडा आहे, कंपनीतूनच तसा आला असणार, दुकानदारानं बदलून द्यायला हवा. अंबूबाईच्या पोरीच्या साखरपुड्याचं पोलकं मी शिवलं होतं. पोरगी पाटावर बसायला वाकली आणि काखेतली शिवण उसवत थेट कमरेपर्यंत आली. चारचौघांत! अंबूबाईनं लग्नाचं सगळं शिवण खंडाळ्याच्या शिंप्याकडे दिलं. तेव्हापासून माझ्या दारात कापड घेऊन कुणी फिरकलेलं नाही, आणि लगीनसराई तोंडावर आली आहे.

एक वर्षाची गॅरंटी आहे, म्हणून हक्कानं दुकानात गेले. दुकानदारानं मशीनचा नंबर विचारला, वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाला, हे मशीन गेणू नावाच्या माणसाचं आहे. मी म्हटलं, तुमची वही चुकली असेल. तर म्हणाला, तुमची पावती बघा की. काढली पावती. तिच्यावर तुझ्या नवऱ्याचं नाव! तुझ्या पावतीवर भलतंच नाव कसं, हे कोडं तुझ्या पत्रानं घातलं होतं, त्याचा उलगडा मला तिथं त्या गल्ल्यासमोर उभं राहून झाला.

आठवतंय ना तुला? मुनिमानं मला विचारलं, मालकाचं नाव सांगा. आता नवऱ्याचं नाव मी कसं घेणार? मी आपली रीतीप्रमाणं तुला कोपरखळी मारली आणि माझ्या वतीनं तू नाव सांगितलंस. मग त्यानं तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे बघितलंस, आणि तुझ्या नवऱ्याचं नाव मी सांगितलं. आपल्याकडे दवाखान्यात, शाळेत, रेशनच्या दुकानात बायका हेच करतात आणि आजवर कुणाचं काही अडलं नाही. पण हा मुनीम कुठून आला होता देव जाणे. त्याला वाटलं, जी बोलली तिचाच तो नवरा. झालं! तुझ्या मशीनवर माझ्या घरच्यांचं नाव आणि माझ्या मशीनवर गेणूभाऊंचं. आपण दोघी सातवी पास, पण एकीनं तरी पावती वाचली का? मशीनवरची सोनेरी फुलं बघत आणि खिदळत घरी आलो. इतका राग येतो ना आपल्या दोघींचा!

तुझं काय झालं ते तू लिहिलंस, मी तीनदा वाचलं. आषाढात तू अंगावर वळ घेऊन, मशीन गाडीत टाकून सुदुंबऱ्याला भावाकडे निघून गेलीस, तेव्हा मला वाटलं होतं की आता तरी तुझा नवरा गप्प बसेल. तो कसला बसतोय! दोन माणसं घेऊन तुझ्या दारात आला, बायकोचं ते माझं, मशीन आण म्हणाला. तुझ्या भावानं पावती पुढे केली, त्या दोन माणसांनी वाचली, आणि नाव निघालं भलत्याचंच. आला तसा परत गेला. तू लिहिलंस की मुक्ते, तुझ्या धन्याच्या नावानं माझी भाकरी वाचवली. मी वाचून इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मला कुठं ठाऊक होतं की तुझी भाकरी ज्या चुकीनं वाचली त्याच चुकीनं माझी अडणार आहे.

कारण दुकानदार हटूनच बसला. म्हणाला, गेणू आमचं गिऱ्हाईक, त्याला आणा. नाहीतर दोन्ही पावत्या आणा, मी नावं दुरुस्त करतो, जिचं तिच्या नवऱ्याच्या नावावर. मी म्हटलं, शेठ, पैसे मी दिले. लावणीला दुसऱ्याच्या खाचरात चिखलात वाकून मिळवलेले, तुमच्या हातावर मी ठेवलेले. मशीन चालवते मी, पाय दुखतात माझे. गेणूनं त्या मशीनला कधी बोट लावलं नाही आणि माझ्या नवऱ्यानंही नाही. मग तुमच्या वहीत मी कुठंच कशी नाही? तर त्यानं नवंच काढलं. म्हणाला, तुम्ही लोकांचे कपडे पैसे घेऊन शिवता ना? मग तुम्ही धंदेवाल्या, ही गॅरंटी घरगुती गिऱ्हाइकाची. बघ बाई! नवऱ्याचं नाव असतं तर मी घरगुती, आणि स्वतःचं पोट स्वतः भरते म्हणून मी धंदेवाली. मी तिथंच त्याला विचारलं, तुम्ही दुकान चालवता ते काय वनवास म्हणून? दुकानातली माणसं हसली आणि तो जास्तच बिघडला.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे तंबाखू मळत म्हणतात, आगं कर की दुरुस्त, आपलं काय जातंय? आमच्या ह्यांचं तुला माहीत आहे, माणूस सरळ, गाईसारखा. पण सरळ माणसाइतका ताप दुसरा नाही. मी म्हटलं, आपलं काही जात नाही, पण लीलीचं मशीन जातं. तिच्या मशीनवर गेणूचं नाव चढलं की तो दुसऱ्या दिवशी सुदुंबऱ्यात उभा राहील. तर म्हणतात, पर मुक्ते, खोट्या नावावर किती दिस चालायचं? ते मशीन माझं न्हाई, कुणी इचारलं तर मी न्हाईच म्हणणार.

शेवटी शेजारच्या चिमाबाईनं सांगितलं म्हणून गेल्या रविवारी बाजारातल्या शाळेत गेले. पुण्याची काही मंडळी महिन्यातून एकदा तिथं बसतात आणि फसलेल्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकतात. भेसळीचं तेल, मापात मारलेलं रॉकेल, असलं सगळं. एक पांढऱ्या केसांचे मास्तर होते. त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, नाव काय? लीले, काय सांगू तुला, मी सवयीनं शेजारी वळून बघितलं, आता कुणाला कोपरखळी मारू म्हणून. माझंच नाव विचारत होते गं ते! मी मुक्ताबाई म्हटलं आणि त्यांनी तेच लिहिलं. मग दोनच गोष्टी विचारल्या. पैसे कोणी दिले? मशीन कोण चालवतं? मी म्हटलं, मीच आणि मीच. मग म्हणाले, बाई, गिऱ्हाईक तुम्हीच. जो शंभर मशीनं घेऊन विकतो तो व्यापारी. तुम्ही एका मशीनवर स्वतःच्या पायांनी पोट भरता, तुम्हाला व्यापारी कोण म्हणतो? आणि उद्या तुमच्या सांगण्यावरून तुमची मुलगी ते मशीन चालवायला लागली तर तीही गिऱ्हाईकच. मला रडू आलं, तेही भर शाळेत. त्यांना वाटलं माझं कुणी गेलं.

मग त्यांनी खरं काय तेही सांगितलं. म्हणाले, असा कायदा आज देशात नाही, कधीतरी करून घेऊ, पण आज आमच्या हातात नुसतं पत्र आहे आणि दुकानदाराची लाज. ते तिथून उठले ते मला घेऊन थेट दुकानात आले. अर्धा तास नरमाईनं बोलले. दुकानदार आधी खूप फुरफुरला, पण लगीनसराईत दुकानासमोर चार माणसं फलक घेऊन उभी राहिलेली कुणाला आवडतील? शेवटी कबूल झाला. म्हणाला, दोघी बाया समक्ष या, दोन्ही पावत्या आणा, दोघींच्याच नावानं नव्या करून देतो, आणि हिचा वाकडा भाग बदलतो. पण एकटीची करणार नाही, नंबर एकमेकींत अडकलेत. शनिवारी दहा वाजता. मास्तर स्वतः येणार आहेत.

आता तू म्हणशील, एवढं चांगलं झालंय तर ही इतकी का तापली आहे, आणि एवढ्या लांबलचक पत्रात मला नुसतं ये म्हणून का लिहीत नाही. लिहिते. दोन दिवस लिहीन लिहीन म्हणतेय आणि हात पुढे जात नाही. लीले, मी घाण करून ठेवली आहे. शाळेत गेले त्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. दुकानदारानं मला धंदेवाली म्हटलं त्याच दिवशी संध्याकाळी मी रागानं फणफणत घरी आले, तर ओट्यावर ह्यांच्याजवळ तुझा नवरा बसलेला. मला म्हणतो, वहिनी, मशीन लय तरास देतंय म्हणं? आणि माझं तोंड सुटलं. मी म्हटलं, तुमच्याच नावावर आहे ते, तुम्हीच जाऊन करून आणा! बोलून गेले आणि जीभ चावली. तो ओट्यावर पुढे सरकून बसला. मग हळूच विचारलं, म्हंजी लीलीकडच्या मशीनवर ह्याचं नाव चुकून पडलंय व्हय? मी नाही म्हणायला हवं होतं. मी गप्प राहिले. आणि आमच्या ह्यांनी, सरळ माणसानं, मान हलवून हो म्हटलं. तुझा नवरा हसला, पाणी मागून प्यायला, आणि जाताना ह्यांना सांगून गेला की सुगी आटपली की येत्या रविवारी, २६ तारखेला, दोघं मिळून दुकानात जाऊ. हे जाणार आहेत. मी भांडले, जेवण टाकलं, रडले, तरी हे म्हणतात, खऱ्याला न्हाई कसं म्हनू? रविवारी हे त्या वहीसमोर उभे राहून सांगणार की दुसरं मशीन माझं नाही, आणि ते तुझ्या नवऱ्याच्या नावावर चढणार. म्हणून शनिवार. पत्र गुरुवारपर्यंत तुला मिळायला हवं. शनिवारी सकाळी घोरावाडी स्टेशनावर लोणावळ्याकडची पहिली गाडी पकड, मी लोणावळ्याच्या फलाटावर उभी असेन. मला दोष दे, तो माझाच आहे. माझं तोंड बघायची इच्छा नसेल तर बघू नकोस, दुकानापर्यंत माझ्या मागे दहा पावलं चाल, एक शब्द बोलू नकोस. मुनीम नाव विचारेल तेवढं मात्र मोठ्यानं सांग. पण ये, लीले. पावती घेऊन ये.

तुझीच, तू म्हणशील तर,
मुक्ता