गाडी निघालीय म्हणायचं

सोम. ३ नोव्हें.
दिवाळीत बुक झालेल्या गाड्या अजून आल्या न्हाईत. शोरूमचं शटर वर जायच्या आत माझ्या टेबलावरचा फोन वाजायला लागतो. सरांनी (आमचे मॅनेजर) आज परत बजावलं, तारीख द्यायची नाही, पण गिऱ्हाईक तुटू द्यायचं नाही. गाडी निघालीय म्हणायचं. कुठून निघाली, कुठवर आली, त्यांनाच माहीत न्हाई तर मला काय डोंबल माहीत असणार.

शिव्या देणारे परवडले. देऊन मोकळे होतात. भीती वाटते ती धावडा गावच्या आबांची (इथून पुढं ध.आ.). रोज सकाळी फोन, रोज तोच शांत आवाज. "काय बाई, कुठवर आली आपली गाडी?" त्यांच्या सुनेचे, सविताचे, दिवस भरत आलेत. मागच्या खेपेला दवाखान्यात पोचायला उशीर झाला आणि लेकरू गेलं. आता संभाजीनगरच्या (पुढं सं.नगर) डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय, जरा दुखलं की निघायचं, घरी थांबायचं न्हाई. घरात जुनी जीप आहे, पण तिच्यात बसलं की हाडं खिळखिळी होतात. म्हणून ही बॅटरीवरची, बिनधक्क्याची. चार्जिंगचा डबा भिंतीवर बसवून झालाय. आबांची म्हातारी त्याला रोज हळदकुंकू लावती म्हणे. डब्याला.

मंगळ. ४
सविताचाच फोन. एकदम हळू बोलत होती. "ताई, आबांला सांगू नका मी फोन केल्ता म्हणून. गाडी खरंच येनार ना?"
येणार म्हणले. दुसरं काय म्हणणार.
"मंग एक फोटो पाठवता का? आत्याबाईंचा जीव थाऱ्यावर न्हाई. माझाबी."
मागच्या अंगणात डेमोची पांढरी उभी होती. हेच मॉडेल, हाच रंग. दारावरचं स्टिकर येऊ न देता फोटो काढला, पाठवला. खाली लिहिलं, तुमची गाडी.
ते कशाला लिहिलं मी. नुसता फोटो पाठवला असता तरी भागलं असतं. तिनं हात जोडलेले पाठवले, तेव्हापासून जेवण जाईना. आई म्हणते पित्त झालं असेल.

गुरु. ६
सगळं वाटोळं झालं.
ध.आ. आज हसत बोलत होते. त्यांना हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. फोटो सगळ्या गावानं पाहिला, स्टेटसला लावलाय, म्हातारीनं मोबाइलवरूनच लिंबू उतरवून टाकलं. परवा संकष्टी, तर गाडी घेऊन सरळ राजूरला, गणपतीच्या पाया पडून मंग घरी. मी हो हो करून राह्यले. आणि मंग म्हणतात, "जीप देऊन टाकली बाई. भोकरदनचा एकजण मागं लागल्ता. आता दोन दोन गाड्या दारात काय करायच्या?"
त्यावर मी काय बोलले आठवत न्हाई.
सरांना सांगितलं. "फोटो कुणी पाठवायला सांगितला होता तुला?" कुणीच न्हाई. मंग थोड्या वेळानं तेच म्हणाले, "सॉफ्टवेअरचं काम राहिलंय म्हण. चार दिवस निघतात तेवढ्यात."
त्या पोरीचे चार दिवस निघतात का, हे कुणाला विचारू.

शुक्र. ७
दुपारी कंटेनर आला! खरोखर आला. दोन गाड्या, त्यात एक पांढरी. बुकिंगच्या नंबरानं ध.आ.चीच. बाथरूममध्ये जाऊन रडले. तोंड धुऊन लगेच फोन लावला, आबा आली गाडी, उद्या सकाळी या. ते म्हणाले, "आं? आता आली? मंग परवाचा फोटो?"
मी म्हणले, आबा, आवाज नीट येत न्हाई, तुटून राह्यला. आणि ठेवून दिला.
संध्याकाळी सरांना कुणाचा तरी वरून फोन. पांढरी दुसऱ्याच्या नावावर. मी म्हणले, सर, त्या घरात बाळंतपण व्हायचं आहे, दारात वाहन न्हाई. सर म्हणाले, "धावड्याचा माणूस गरीब स्वभावाचा आहे गं, थांबेल. वरचे थांबत नसतात." मला पगारावर ठेवलंय, सल्ले द्यायला न्हाई, हेही ऐकवलं. नोकरी गेली तर घरात मीच एक कमावती. गप बसले. गप बसले हेच लिहिते, दुसरं काय लिहू.

शनि. ८, संकष्टी
उपास होता, पण तसंही काही खाल्लं नसतं. ध.आ. गाडी न्यायला निघायच्या आत फोन करायचा होता. दोनदा भलताच नंबर लागला.
आज खरं सांगितलं. आबा, गाडी आल्ती, ती दुसऱ्याला दिली. आणि तो फोटो तुमच्या गाडीचा नव्हता.
मागून बायकांचा आवाज, हार कुठं ठेवला म्हणून कुणीतरी विचारत होतं.
"मंग जीप गेली की वो आमची."
मी म्हणले, आबा, आमची वाट पाहू नका. आजच्या आज गावातली एखादी गाडी सांगून ठेवा. माझा मामा भोकरदनला काळीपिवळी टॅक्सी चालवतो, त्याचा नंबर पाठवते, रात्री-बेरात्री कधीही येईल.
"बरं," म्हणाले. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
नंबर पाठवला. मामाला म्हणले, भाडं सोडून आधी तिकडं जायचं. मामा म्हणतो, "लांबच्या भाड्याला गेलो असलो तर बाई?" असं कसं बोलतो हा माणूस.

रवि. ९
सुट्टी. मोबाइल मांडीवर. मामाला दोनदा विचारलं, कुणाचा फोन आल्ता का. न्हाई. आई म्हणते, तुला झालंय तरी काय. सांगितलं तर ती सरांच्या घरी भांडायला जाईल.

सोम. १०
शटर उघडलं. बाकी सगळ्यांचे फोन आले. ध.आ.चा आला न्हाई.
सर खूश. "बघ, म्हटलं नव्हतं? बसले गप."
जेवणाच्या सुट्टीत स्टेटस पाहिलं. फोटो काढून टाकलाय. दिवसभर दुसऱ्यांना गाडी निघालीय, गाडी निघालीय. एका बाईला चुकून सविता म्हणले.
रोज ज्या फोनची धडकी भरायची, तो यावा म्हणून आज राजूरच्या गणपतीला नारळ बोलले.

मंगळ. ११
आजही न्हाई. मंग मीच लावला. तीन-चारदा पुरती रिंग गेली. उचलला तर बाईमाणसाचा आवाज. शेजारीण. आबांचा मोबाइल चार्जिंगलाच राह्यला म्हणे, वाजून वाजून थांबंना म्हणून तिनं उचलला. सविताला पहाटंच दुखायला लागलं, सगळे सं.नगरला गेले.
मी विचारलं, कशानं गेले?
कशी आहे ते आधी विचारायचं सोडून हेच विचारलं. कशात बसून गेले मावशी, गाडी मिळाली का, जल्दी मिळाली का?
"मला काय ठाव न्हाई माय. मी आले तर घर उघडंच व्हतं, कुणीच न्हाई. तू कोन बोलून राह्यली?"
शोरूमचं नाव तोंडातून निघेना. सविताची बहीण, म्हणले.
"अगं बाई. मंग पह्यला फोन तर तुलाच येईल. माझ्या जिवाला लई घोर लागलाय गं. मी हा मोबाइल घेऊन हितंच ओट्यावर बसते. काही कळलं की मला सांग."
सांगते म्हणले.
मामाचा फोन लागत न्हाई.