सतरा नंबरचा शिक्का

दि. ४ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि आज मला सगळी वाक्यं पुरी करायची आहेत. आई म्हणाली, राग उतरू दे, मग लिही. तिला सांगितलं की उतरायची वाट बघत बसले तर पत्र पुढच्या वर्षी जाईल.

माझ्या क्लासमधल्या तिघांनी तुमच्या कारखान्याच्या हॉलो बॉडी गिटारी घेतल्या. एक नर्स, एक निवृत्त पोस्टमन आणि एक दाताची डॉक्टर. तिघांच्या मनात ती जुन्या नामांकित कंपनीची गिटार होती, जाड पोकळ पोटाची, व्हायोलिनसारखी दोन भोकं असलेली. ती परवडणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी मला विचारलं की तिची ही स्वस्त नक्कल घेण्यात काही अर्थ आहे का. मी छातीठोकपणे सांगितलं, जरूर घ्या, फक्त भोकातून आतलं लेबल बघा आणि त्यावर सतरा नंबरचा शिक्का असेल तरच घ्या. सतरा नंबर म्हणजे माझा मामा, त्याच्या तपासणीतून गेलेली गिटार डोळे झाकून घ्यावी. त्यांनी खरोखरच डोळे झाकून घेतली.

आता ऐक. मोकळ्या तारा सुरात लागतात, पण पहिल्या पट्टीवर बोट ठेवलं की सूर वर चढतो. पट्ट्यांची टोकं इतकी धारदार आहेत की नर्सबाईंच्या तळहातावर ओरखडे उठलेत. आणि पोस्टमनकाकांनी काय केलं माहीत आहे? आपलंच वय झालं, आपल्या कानातच खोट आहे, असं समजून महिनाभर तोंडातून ब्र काढला नाही. शेवटी शिकणं सोडतो म्हणाले, तेव्हा मी त्यांची गिटार हातात घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संगीताच्या मासिकातल्या माझ्या सदरात मी लिहिलंय की असल्या स्वस्त हॉलो बॉडीच्या वाटेला कुणी जाऊ नये, आणि सतरा नंबरच्या शिक्क्यावर तर मुळीच भरवसा ठेवू नये. लेख पुढच्या अंकात येईल. त्याआधी मला तुझ्याकडून एकच हवंय. या तीन गिटारी तू वाजवून बघितल्या होत्यास का?

मामीला नमस्कार. तुझ्यावर लोभ आहे, पण आज तो मागच्या खोलीत जाऊन बसलाय.

तुझी भाची

---

दि. ११ जून

चि. लवंगीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्या हातात पहिली गिटार मी दिली. कुठलंही वाद्य वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नये, हे तुला पाठ करून घेतलं. आणि आता मास्तरीण झाल्यावर तू शिष्यांना लेबल वाचून गिटार घ्यायला सांगतेस? शिक्का वाजवता येतो का गं?

स्वस्त हॉलो बॉडी वाईट असते हे तुला कोणी सांगितलं? आमच्या गिटारीचं पोट कोरीव लाकडाचं नसतं, पातळ थर चिकटवून दाबून केलेलं असतं. त्यानं काही बिघडत नाही. उलट मोठ्या आवाजात वाजवताना ती कमी घुमते. तारांचा आवाज पकडणारे पिकअप साधे असतात, नंतर बदलता येतात. मान सरळ असते, कारण आमचं मान कापायचं यंत्र चांगलं आहे. सांगाडा उत्तम असतो, माझे आई. नामांकित गिटार आणि ही, दोन्ही पडद्याआड वाजवल्या तर तुझ्या मासिकाच्या संपादकाला फरक सांगता येणार नाही.

सूर चढतो कारण मानेच्या टोकाला तारा ज्या पांढऱ्या आडव्या तुकड्याच्या खाचांमधून जातात त्या खाचा उथळ राहिल्यात. बारीक कानस घे. प्रत्येक तार तिसऱ्या पट्टीवर दाब आणि पहिल्या पट्टीकडे बघ. तिथे तारेखालून कागदाचा कपटा कसाबसा जाईल, इतकीच फट हवी. तेवढीच खाच उतरव, कानस एकदा जरी जास्त फिरवलीस तर तार झणझणेल. पट्ट्यांची टोकं तिरकी घास. पोटावर तारा ज्याच्यावर टेकतात त्या पुलाला खिळे नसतात, तो नुसता तारांच्या दाबावर बसलेला असतो, तो सरकवून जागेवर आण. हे सगळं तुला येतं. ते करायचं सोडून तू लेख लिहीत बसलीस, याचा मला राग आहे.

तो लेख मागे घे. चार ओळी खरडून तू चाळीस माणसांच्या कामावर बोळा फिरवते आहेस.

ताईचा गुडघा कसा आहे? चालते का रोज? मामी ठीक. भांडण झालं तरी पत्र टाकत जा.

तुझा मामा

---

दि. १७ जून

ती. मामास,
सा. न.

तू सांगितलंस तसं केलं. आधी पोस्टमनकाकांची गिटार घेतली. कानस, कपटा, पूल, सगळं. घड्याळ लावलं होतं. टोकं घासणं सोडून दहा मिनिटं लागली. मग ती वाजवली आणि मामा, मी थक्क झाले. आवाज उबदार, भरलेला, तारेवरून बोट उचललं तरी सूर पोटात रेंगाळत होता. काकांना दिली. त्यांनी पहिला साधा कॉर्ड धरला, तो सुरात लागला, आणि त्यांनी तो मान खाली घालून आठ-दहा वेळा वाजवला. मग म्हणाले, म्हणजे माझ्यात खोट नव्हती. मला तिथून उठून जावं लागलं.

तेव्हा गिटार चांगली आहे, हे तुझं खरं. आणि आता तर मला जास्त राग आलाय. वाईट असती तर सोडून दिलं असतं. चांगल्या गिटारीला कुणीतरी दहा मिनिटं दिली नाहीत, आणि एका म्हाताऱ्या माणसाने त्याचं खापर महिनाभर स्वतःच्या कानांवर फोडलं.

तू माझ्या पत्रातल्या सगळ्या गोष्टींना उत्तर दिलंस. न विचारलेल्यांनाही दिलंस. एवढं एक सोडून, की तू त्या वाजवल्या होत्यास का. मी तुला ओळखते. तुझ्याकडे लपवायला काही असलं की तू गिटारीची रचना समजावून सांगायला लागतोस.

म्हणून मी दातांच्या डॉक्टरकडून तिचा छोटा आरसा घेतला आणि तिन्ही लेबलं नीट वाचली. शिक्क्याखाली तारीख असते, हे मला माहीतच नव्हतं. तिन्हींवर एकच तारीख आहे, २१ फेब्रुवारी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन १८ ला झालं. तू १६ ला आमच्याकडे आलास आणि महिना संपेपर्यंत आमच्या सोफ्यावर झोपत होतास. २१ ला तू दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसून चहाला नावं ठेवत होतास.

मग हा शिक्का कोणी मारला?

आई रोज गल्लीच्या टोकापर्यंत चालते. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. उत्तर दे, बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी भाची

---

दि. २२ जून

चि. लवंगीस आशीर्वाद.

शिक्का मी मारलेला नाही. गेल्या नोव्हेंबरपासून मी एकही शिक्का मारलेला नाही.

मी तपासणीच्या टेबलावर नाही. पॅकिंगमध्ये आहे. तुला, ताईला, कुणालाच सांगितलं नाही, फक्त मामीला माहीत आहे. झालं असं की वरून हुकूम आला, एका गिटारीला दहा मिनिटं लागतात ती दोन करा. मी म्हटलं की दोन मिनिटांत गिटार सुरातसुद्धा लावून होत नाही. मी दहाच मिनिटं देत राहिलो आणि जी पटली नाही ती परत पाठवत राहिलो. महिन्याभरात माझ्या मागे इतकी रांग लागली की त्यांनी मला उचलून पॅकिंगला नेऊन ठेवलं. माझ्या जागी एक नवी मुलगी बसवली. तिचा दोष काढू नकोस, तिला कुणी काही शिकवलंच नाही. शिक्का माझ्या खणातच राहिला. तोच तिच्या हातात दिला.

मला हे कधी कळलं, ते विचारशील म्हणून आधीच सांगतो. पहिल्याच आठवड्यात. खोक्यात घालताना गिटार तिरकी होते, तेव्हा भोकातून लेबल दिसतं. सतरा नंबर दिसला. पुढे मी गिटार पालथी धरून पॅक करायला शिकलो. तुझ्या पोस्टमनकाकांची गिटारही तुमच्याकडून परतल्यावर मीच खोक्यात घालून चिकटपट्टी लावली असेल. तुझं मागचं पत्र वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही.

दोन वर्षं राहिलीत माझी निवृत्तीला. मी मूग गिळून बसलो आणि तू विचारलंस तेव्हा उलट तुझ्याच अंगावर ओरडलो. भित्र्या माणसाचा आवाज मोठा असतो, तसा तो होता.

आता विनंती करतो. लेख छापू नकोस. ओरडून नाही, हात जोडून सांगतोय.

मामा

---

दि. २६ जून

ती. मामास,
सा. न.

हात जोडू नकोस. तू हात जोडलेलं मला बघवत नाही आणि त्यामुळे राग कमी होत नाही, वाढतोच.

जुना लेख मी फाडला, कारण तो चुकीचा होता. नवा लिहिलाय. त्यात म्हटलंय की ही स्वस्त हॉलो बॉडी घेण्यासारखी आहे, तिचा सांगाडा खरा आहे, पण विकायच्या आधी तिला द्यायची दहा मिनिटं कुणीतरी चोरली आहेत आणि वर एका प्रामाणिक माणसाचा नंबर ठोकलाय. नंबर कुणाचा, ते लिहिलेलं नाही. पण ते लिहिल्याशिवाय लेखाला काही अर्थ नाही. कारखाना म्हणेल, बाई काहीबाही बोलतात. संपादक शुक्रवारपर्यंत थांबणार आहेत.

नर्सबाई क्लासला यायच्या बंद झाल्यात. मी त्यांची गिटार नीट करून घरी नेऊन दिली. दारातच उभ्या राहून त्या म्हणाल्या की तुम्हाला मामाच्या कारखान्याचा माल खपवायचा होता, तर सरळ सांगायचं होतं. मी काय सांगणार होते? की माझ्या मामाला सगळं माहीत होतं, तो गिटारी पालथ्या धरून पॅक करत होता?

त्यांना काय सांगू, ते तूच लिहून पाठव. तू म्हणशील तेच त्यांना सांगेन, आणि तू नाही म्हणालास तर लेखही छापणार नाही. पण मग मला पुन्हा कधी वाद्य कसं निवडावं, हे शिकवायला येऊ नकोस.

तुझी भाची

---

दि. १ जुलै

चि. लवंगीस अनेक आशीर्वाद.

काल मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. बाहीला पॅकिंगची चिकटपट्टी तशीच चिकटलेली होती, ते नंतर लक्षात आलं. माझा शिक्का परत मागितला. म्हटलं, टेबल द्यायचं नसेल तर नका देऊ, पण मी न बघितलेल्या गिटारीवर माझा नंबर नको. माणूस सभ्य आहे. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मग समजुतीच्या सुरात सांगितलं की नंबर कुणा माणसाचा नसतो, टेबलाचा असतो, जो बसेल त्याचा. आणि जाता जाता माझी दोन वर्षं राहिलीत, याची आठवण करून दिली. चहा मी तसाच ठेवून आलो.

जेवणाच्या सुट्टीत त्या मुलीकडे गेलो. हा शिक्का आधी कुणाचा तरी होता, हे तिला माहीतच नव्हतं. ती रडवेली झाली. मी तिला कपट्याची युक्ती दाखवली. दुसरी गिटार दाखवत होतो तेवढ्यात सुपरवायझरने मला हाकललं. एकोणतीस वर्षं ज्या टेबलाला मी माझं म्हणत होतो, तिथून मला दिवसाढवळ्या हाकललं. इतका राग मला कैक वर्षांत आला नव्हता, आणि खरं सांगतो, त्याने बरं वाटलं.

मामीने कालपासून अबोला धरलाय. तिचं म्हणणं, दोन वर्षं कळ काढायची होती. तिचंही चूक नाही. ताईला मात्र आता सगळं सांग, तिने बाहेरून ऐकायला नको.

नर्सबाईंना सांग की माझ्या मामाला माहीत होतं आणि तो गप्प बसला. अगदी याच शब्दांत सांग, माझी बाजू सावरू नकोस. पोस्टमनकाकांना मी वेगळं पत्र लिहितोय, ते काम तुझ्यावर टाकणार नाही.

लेख छाप. मॅनेजर म्हणतो ते खरं धरू, नंबर टेबलाचा आहे. तो त्यांनाच लखलाभ. तू माझं नाव लिही, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट पूर्ण. ते कुणाच्या खणात राहिलेलं नाही.

रागाच्या भरात का होईना, माझ्यावरची माया तशीच राहू दे.

तुझा मामा