रिकामी यादी

बोरी बुद्रुक
१० नोव्हेंबर २०२५

॥ श्री ॥

चि. स्नेहल हिस धर्माजीनानाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. दूधगाडीबरोबर हे पत्र आणि प्रसाद धाडतोय. फोनवर सांगितलेलं तुम्ही पोरी अर्धं ऐकता, म्हणून कागद. टपालात जन्म घालवलेल्या माणसाची ही खोड समज.

तुझे वडील गेल्यापासून तुझ्या बहिणीच्या, अक्षदाच्या लग्नाचं ओझं माझ्या डोक्यावर आहे. घोडेगावकडच्या त्या स्थळाची चौकशी शनिवारी उरकली. मुलाबद्दल एक शब्द वाईट ऐकला नाही. आईला सांग, साखरपुडा तीस तारखेला बिनघोर धरा.

तू हल्ली कोंडून घेऊन कुठल्याशा यंत्राची माहिती लिहितेस आणि ती वाचणारंही यंत्रच, असं आई सांगत होती. मी आणि तुझी काकू पोट धरून हसलो. एवढं इंजिनिअरिंग शिकून यंत्रांना पत्रं लिहायची वेळ आली तर! ती उलट टपाली खुशाली तरी कळवतात का?

उत्तर हातानं लिही. अक्षर कोंबडीच्या पायांचं असलं तरी चालेल.

तुझा,
नाना


वारूळवाडी
१३ नोव्हेंबर २०२५

ती. नाना यांस, शि. सा. नमस्कार.

तुमचं हसणं पोचलं. आता माझं काम काय ते ऐका, मग पुन्हा हसा.

कुठली लिंक फसवी, कुठल्या फाइलीत व्हायरस, कुठल्या पत्त्यावरून हल्ले होतात, याच्या नोंदी काही ठिकाणी ठेवलेल्या असतात. एआय एजंट म्हणजे आपल्या वतीनं कामं उरकणारा प्रोग्राम. त्याच्यापुढे अनोळखी लिंक आली की तो आमच्या टूलला विचारतो आणि टूल त्या नोंदी चाळून सांगतं. कसं विचारायचं आणि मिळालेल्या उत्तराचा अर्थ काय, हे मी लिहिते. एजंट ते शब्दशः मानतो. तुमच्यासारखा चष्मा कपाळावर ढकलून हसत नाही.

घोळ असा आहे. नोंदी तपासून काही सापडलं नाही, तर टूल रिकामी यादी देतं. नोंदींपर्यंत विचारणा पोचलीच नाही, तरीही रिकामीच यादी देतं. एजंट दोन्ही वेळा वाईट काही नाही असं समजतो आणि एखाद्या वेळी चोरालाही आत घेतो. म्हणून मी एक वाक्य लिहिलं, की रिकामी यादी म्हणजे निर्धोक नव्हे, आधी विचारणा झाली का ते पाहा. आमचे सुभाषसर म्हणाले की वाक्य काढ, गिऱ्हाईक घाबरतं. या गृहस्थांना मीटिंगमध्ये मान डोलावण्यापलीकडे काही येत नाही. मी वाक्य काढलेलं नाही.

नाना, तुमचं पत्रही मला रिकामी यादीच वाटलं. वाईट ऐकलं नाही, ठीक. पण कोणाकडून? एकाही माणसाचं नाव नाही. शनिवारी संकष्टी होती आणि प्रसादाच्या पुड्यावर ओझरच्या दुकानाचं नाव आहे. तुमच्या गुडघ्यांनी एका दिवसात ओझरही केलं आणि घोडेगावही?

आईनं पाहुण्यांना होकार कळवलाय. अक्षदाला त्या घरात जन्म काढायचा आहे. कोणाकोणाला विचारलंत, ती नावं कळवा.

रागावलात तर रागवा,
स्नेहल


बोरी बुद्रुक
१७ नोव्हेंबर २०२५

॥ श्री ॥

चि. स्नेहल हिस आशीर्वाद.

पुड्याचा कागद वाचून चुलत्याची झडती घेणारी पोर आमच्या घराण्यात पहिलीच. मी आजवर चाळीस स्थळं पाहिली. माझ्या शब्दावर लोकांनी अक्षता टाकल्या, नावं कोणी मागितली नाहीत. दोन यंत्रांमधला निरोप्या तू, आणि मला चौकशी शिकवतेस?

एवढं लिहून दोन दिवस कागद तसाच ठेवला होता. काकूनं वाचला आणि माझं ताट वाढून ती आत निघून गेली.

मी गेलो नव्हतो. नारायणगावच्या स्टँडवर ओळखीचा सावळेराम भेटला. जीप ओझरला निघाली होती. तो म्हणाला की संकष्टी हाय, देवाचं आधी, पावणं काय पळून जात न्हाईत. दर्शनाच्या रांगेतच दिवस कलला. परत येताना वाटलं, घराणं ऐकून माहीत आहे, वाईट असतं तर कानावर आलं असतं. वाईट ऐकलं नाही हे मी खोटं लिहिलं नव्हतं. विचारलंच नव्हतं, एवढंच लिहिलं नाही.

आईला आताच सांगू नकोस. मी या आठवड्यात जाऊन येतो.

नाना


वारूळवाडी
२३ नोव्हेंबर २०२५

ती. नाना यांस नमस्कार.

तुमचं पत्र मी आईला आणि अक्षदाला वाचून दाखवलं. लपवणं मला जमणार नव्हतं. आई रडली. अक्षदा रडली नाही, दुसऱ्या दिवशी मावशीला घेऊन ती स्वतः गेली. गिरणीवर बसली, डेअरीवर उभी राहिली, नऊ माणसांना भेटली. नऊही नावं तिनं लिहून आणली आहेत. मुलगा कष्टाळू आहे, थोडा तापट आहे, दारूला शिवत नाही. तापट असल्याचं गिरणीवाल्या लंकाबाईनं तोंडावर सांगितलं, म्हणून बाकीच्यावर अक्षदाचा विश्वास बसला. तिचा होकार आहे.

सुभाषसरांनी माझं वाक्य काढून टाकलं होतं. मग गिऱ्हाइकासमोरच एजंटनं फसवी लिंक आत घेतली. आता वाक्य परत आलंय आणि ते आपल्यालाच सुचलं होतं, असं सर सगळ्यांना सांगतात. त्यांच्याकडून मला दुसरी अपेक्षा नव्हती. तुमच्याकडून होती, त्याचंच दुःख जास्त आहे.

आता साखरपुड्याचं. मुलगा चांगला निघाला, म्हणजे नानांची चौकशी खरी ठरली, असं आई, सगळं माहीत असूनही, तुमची लाज राखायला सगळ्या भावकीला सांगत सुटली आहे. परवा वाडीतल्या जानकूकाकांचा निरोप आला, की त्यांच्या लेकीच्या, आरतीच्या स्थळाची चौकशीही धर्माजीभाऊंनीच करावी.

अक्षदाचं म्हणणं असं, की तुम्ही तीस तारखेला या. बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहून सांगा, की मी गेलोच नव्हतो, मी कोणाला विचारलं नव्हतं. ते सांगून झालं की ती पाटावर बसेल, त्याआधी बसणार नाही.

तुमची वाट पाहणारी,
स्नेहल