पोटातल्या कॉम्प्युटरचे तीनशे अकरा फोटो

चिरंजीव भाचेबुवांस मामाचे अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेलच, या वयात काय धाड भरतेय! इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत, अंथरूण धरलंय ते कॉम्प्युटरने.

मामीचा भरतकामाचा जुना प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालेना, म्हणून तू त्याच्या पोटात दुसरा, जुन्या पद्धतीचा कॉम्प्युटर बसवून दिलास. (व्हर्च्युअल मशीन म्हणालास. मी मान हलवली ती कळलं म्हणून नव्हे, चहा गार होत होता म्हणून.) तो पोटातला आता इतका मंदावलाय की बटण दाबून मी दाढी करून येतो, तरी पडद्यावरचं चक्र फिरतंच असतं. आणि परवा दवाखान्याचे चाळीस कोट द्यायचेत, प्रत्येकाच्या खिशावर ज्याचं त्याचं नाव भरून. चुकलं तर हे काम मामीच्या हातून कायमचं गेलं म्हणून समज.

मी काही हातावर हात ठेवून बसलो नाही. आतल्याला मेमरी कमी पडत असेल म्हणून होती नव्हती ती त्याला देऊन टाकली, तर बाहेरच्याने मान टाकली. बाहेरच्याला परत दिली, तर आतला रुसला. शेवटी शेजारचे टीव्ही दुरुस्त करणारे आले. आत बघून म्हणाले, एवढे स्नॅपशॉट कशाला? आता घ्या! काही करण्याआधी आहे त्या स्थितीचा फोटो काढून ठेवा, बिघडलं तर मागे जाता येतं, असं तूच ना सांगितलंस? मग मी काढले. सकाळी सुरू करताना, मामी बसण्याआधी, मामी उठल्यावर, शिंक येईलसं वाटलं की. (शिंकेत भलतंच बटण दाबलं जातं.) तीनशे अकरा झाले. एक साधी फाइल उघडायची तरी आतला म्हणे त्या फोटोंचे सगळे थर चाळत बसतो. मला काही कळलं नाही. फोटोचं कसलं आलंय ओझं?

सवड झाली तर ये. घाई नाही.

तुझा,
मामा

ता. क. घाई आहे. वर लिहिलं ते काल दुपारपर्यंतचं. पहिला फोटो काढला तेव्हा आतला चांगला पळायचा, म्हणून काल मी त्या फोटोवर मागे गेलो. पळाला रे! पण मामीने चार दिवस बसून तयार केलेली चाळीस नावं गेली. (त्या चार दिवसांचा एकही फोटो नाही. सारखे उठवता म्हणून तिनेच बंदी घातली होती.) मागे जाण्याआधी तरी एक काढायचा, तर नेमका तेव्हा विसरलो. तिला अजून सांगितलं नाही. फोन करू नकोस, तीच उचलते; म्हणून हे पत्र आजच हातोहात धाडतोय. उद्या सकाळी सहज आल्यासारखा ये.

ता. क. दुसरा. मामीचे आशीर्वाद. पत्र पाकिटात घालायला यांनी माझ्याच हातात दिलं. बत्तीस वर्षं संसार केलाय यांच्याशी, त्यामुळे नावं रोजच्या रोज पेनड्राइव्हवर घेत होते. तो थेट भरतकामाच्या मशीनला लागतो. कोट उद्या दिवसभरात होतील. कालपासून हे माझ्या शेजारून हलले नाहीत. बॉबिन भरून देतात, न विचारता चहा करतात, आज भांडीसुद्धा घासली. खरं सांगू? फार बरं वाटतंय. तेव्हा ये, पण आठवड्याने ये. तोवर मला काही माहीत नाही.