जांभळ्यावर अडलेलं पाणी

४ मार्च

चि. बुटक्यास अनेक उत्तम आशीर्वाद. सहा फुटांचा झालास तरी मला बुटक्याच.

पत्रास कारण आपला घरामागचा पोहायचा तलाव. पाण्याचा जडपणा तपासताना रंग अडतोय. लाल झालेल्या पाण्यात तपासणीच्या पेटीतल्या शेवटच्या बाटलीतले थेंब टाकत गेलं की ते स्वच्छ निळं व्हायला हवं ना? ते जांभळं होतं आणि तिथेच हटून बसतं. बाटली नवी आणली, नळी घासली, तरी तेच. पाण्याच्या प्रयोगशाळेत पगार घेतोस, तेव्हा बहिणीला फुकटचा सल्ला दे.

ऑपरेशननंतर गुडघा त्या पाण्यातच धड चालतो. ह्यांच्या डोक्यात मात्र लिफ्टवाल्या फ्लॅटचं खूळ शिरलंय. बाबांनी घर आपल्या दोघांच्या नावावर केलं तेव्हा तू शब्द दिला होतास, की ताई म्हणेपर्यंत विकायचं नाही. तेवढं ह्यांच्या कानावर घाल.

आहे ती माया राहू दे.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाटल्यांना शिव्या देऊ नकोस. इतर काही घालण्याआधी शेवटच्या बाटलीतले पाच-सहा थेंब टाक, मग नेहमीसारखं कर. ते थेंबही मोजणीत धर. निळं होईल. उगाच डोकं शिणवू नकोस.

भाऊजींना मी समजावतो, तू निर्धास्त राहा. गुडघ्याला जप.

धाकट्यावर लोभ आहेच, तो वाढव.
बुटक्या

१७ मार्च

बुटक्यास,

युक्ती लागू पडली. निळा रंग आला तेव्हा हरखून मी ह्यांना दाखवला. हे बघून न बघितल्यासारखं करून आत गेले.

परवा दुकानात कौतुकाने तुझी युक्ती सांगितली. दुकानदार म्हणाला, पाण्यात तांबं असलं की तसं करावं लागतं. शेवाळावरचं तांब्याचं औषध ओतता का? मी तर कधीच नाही.

घरी येऊन ह्यांना विचारलं. आधी आढेवेढे, मग सगळं बाहेर आलं. गिऱ्हाइकांना पाणी चकाचक दिसावं म्हणून औषध तूच पाठवलंस. मी व्यायामाला दवाखान्यात गेले की हे घर दाखवायचे. व्यवहार ठरत आला की मला गळ घालायची, हेही तुमचं ठरलेलं.

ह्यांचा राग आलाच, पण हे निदान पहिल्यापासून विकू म्हणत होते. तू? माझं पत्र वाचताच तांबं कुठून आलं ते तुला कळलं असणार. तरी उत्तर दिलंस, तेही अगदी बरोबर, मला पुन्हा शंकाच येऊ नये म्हणून. केसाने गळा कापलास. फार लागलं रे.

सही मिळणार नाही, हे गिऱ्हाइकाला मी स्वतः सांगितलंय.

लोभ आहे, तो काही जायचा नाही. पण यापुढे तू काही सांगितलंस, तर मी दुसऱ्या कुणाला तरी विचारून घेईन.

ताई