दर आठवड्याला नवं सोंग

२८ ऑगस्ट

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा पहिला क्वार्टरबॅक, म्हणजे हातानं चेंडू फेकून डाव चालवणारा, ब्रॉडी केसलर. दुसरा तो शिकागोचा नवा पोरगा. आणि मी? "नेल्स, तू स्काउट टीम." तिसऱ्या वर्षीही!! कोच ब्रॅनिगननी असं सांगितलं, जसं काही मला बढतीच दिली.

स्काउट टीम म्हणजे बहुरूपी. शनिवारी जी टीम समोर येणार तिचं सोंग आम्ही आठवडाभर घ्यायचं. त्यांचे नंबर लावायचे, त्यांचे डाव खेळायचे, आणि आपल्याच पोरांकडून तुडवून घ्यायचं. म्हणजे आपली पोरं तयार! शनिवारी खऱ्या मॅचला मी बाकाजवळ उभा. धुतलेला, इस्त्री केलेला.

आईला फोनवर सांगून टाकलं — या सीझनमध्ये एक, फक्त एक डाव मैदानात मिळाला नाही, तर बूट काढून ठेवणार आणि मामाच्या गोठ्यावर कामाला लागणार.

"मग मामाला सांगू का, गायींना कळव म्हणून?"

अशी आहे ती.

६ सप्टेंबर

या आठवड्यात मी हार्लन कॉलेजचा डावखुरा. मला डाव्या हातानं धड सूप पिता येत नाही! सगळा दिवस चेंडू कुठेही जात होता. एक तर थेट बँडवाल्यांच्या ढोलात. संध्याकाळपर्यंत मात्र जमायला लागलं. आमच्या बचावफळीतल्या सीओनेनं मला चारी मुंड्या चीत केलं. सरावात लाल शर्टवाल्या क्वार्टरबॅकला पाडायचं नसतं हे साहेब रोज विसरतात.

९ सप्टेंबर

जिंकलो! ३१–७! सीओनेनं खऱ्या डावखुऱ्याला आज उभंच राहू दिलं नाही. मॅच संपल्यावर धावत आला आणि मला उचललं. "लेका, त्याच्यापेक्षा तूच बरा हार्लनवाला आहेस! तो कुठे बघणार ते मला त्याच्या आधी कळत होतं!"

आई आली होती. आठवडाभर शाळेची बस चालवते, आणि शनिवारी परत तीन तास गाडी चालवून येते. कशाला? तर मला उभा असलेला बघायला. पार्किंगमध्ये तिनं केलेला खिमा-बटाट्याचा हॉटडिश खाल्ला.

म्हटलं, "एवढ्या हेल्मेटांच्या गर्दीत मी दिसतो तरी का तुला?"

"लांबूनच ओळखते."

"कशावरून?"

"गार होतंय. खा."

२७ सप्टेंबर

आज मी लंगडतोय. समोरच्या टीमच्या क्वार्टरबॅकचा घोटा दुखावलाय म्हणे.

३० सप्टेंबर

परत जिंकलो!! अजून एकदाही हरलो नाही. गावात बेकरीवाली पैसे घेत नाही, न्हावी पैसे घेत नाही. मला विचारतात, "तू कोण खेळतोस रे?" काय सांगू — आठवड्यावर आहे!

१२ ऑक्टोबर

सराव संपल्यावर मी आणि सीओने नुसताच चेंडू टाकत होतो. म्हणाला, "आता तुझा टाक. तुझा स्वतःचा."

टाकला.

"हा हार्लनवाला."

परत टाकला.

"हा तो लंगडा! अरे, तुझं काही आहे की नाही?"

तो पोट धरून हसला, मीही हसलो. खोलीवर आल्यावर मात्र हसू आलं नाही. खरंच, कसा टाकायचो मी आधी? आठवेचना. डाव मिळाला नाही याचं दुःख होतंच, आता हे नवीन. आज फार वाईट वाटलं.

२८ ऑक्टोबर

४५–१०. शिकागोच्या पोरालासुद्धा शेवटी दहा मिनिटं खेळायला दिलं. मला नाही. आईनं हॉटडिश जरा जास्तच वाढला.

८ नोव्हेंबर

डनमोरचा आठवडा! शेवटची मॅच. तेही अजिंक्य, आम्हीही. जिंकेल त्याला चॅम्पियनशिप आणि ट्रॉफी म्हणून दुधाचा तो पोचे पडलेला तांब्याचा कॅन. सात वर्षं त्यांच्याकडेच पडलाय मेला.

मी त्यांचा क्वार्टरबॅक प्रूइट झालोय. पास टाकायचा असला की हा बाबा आधी बोटं चाटतो. फिल्म बघून हे सगळ्यांनाच कळलं, कोच तर खूश. पण दोन दिवस प्रूइट होऊन उभा राहिलो तेव्हा मला आणखी एक कळलं. लांबचा पास मनात असला की त्याचा उजवा पाय आधीच जरा मागे सरकतो. त्या ठेवणीत दुसरं काही होऊच शकत नाही. कोचना सांगायला गेलो.

"बोटं पुरेत, नेल्स. पोरांच्या डोक्यात जास्त भरू नकोस."

बरं, नाही भरत.

११ नोव्हेंबर

अक्षर बघा काय आलंय! नीट लिहितो.

थंडी अशी की बाटलीतलं पाणी गोठायला आलं. आणि प्रूइट मैदानात आला तो हातमोजे घालून! आता बोटं काय चाटणार? कोचचा चेहरा पडला. प्रूइट मनाला येईल तसे पास टाकत सुटला.

शेवटी २०–१७, आम्ही पुढे. पण चेंडू त्यांच्याकडे, आमची गोलरेषा अगदी जवळ, आणि त्यांचा शेवटचा डाव. त्यांनी टाइम-आउट घेतला. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन आत पळालो आणि सीओनेचं हेल्मेट धरलं.

"मोजे विसर. उजवा पाय बघ. मागे गेला तर पास!"

"नक्की?"

"अरे, आठवडाभर मीच प्रूइट होतो!"

सगळ्यांना वाटत होतं की ते चेंडू घेऊन मुसंडी मारणार. सीओने पुढे झेपावायच्या बेतात होता. प्रूइटचा उजवा पाय मागे सरकला. सीओने दोन पावलं मागे आला आणि चेंडू थेट त्याच्या छातीवर! मी काय ओरडलो मलाच माहीत नाही, घसा अजून बसलाय.

चेंडू आमचा, काही सेकंद उरलेले. आता चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकायचा की खेळ संपला. तो मान ब्रॉडीचा. त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, आयुष्यातली शेवटची मॅच. तो कोचकडे गेला आणि म्हणाला, "हे नेल्सला करू दे."

"नेल्स! हेल्मेट!"

हेल्मेट सापडेना!! बाकाखाली होतं.

आयुष्यातला पहिला डाव, आणि काम काय, तर गुडघा टेकायचा. टेकला. लोक आत घुसले, कॅन माझ्या डोक्यावरून गेला, आणि मी हेल्मेटच्या आत ढसाढसा रडलो. आई भेटली तेव्हा म्हणाली, "छान बसलास हो!" आणि तीही रडायला लागली.

मामाला कळवलं. गायींना थांबावं लागेल.

१५ एप्रिल

ब्रॉडी आता टीममध्ये नाही. त्याच्या जागेसाठी तिघांची परीक्षा चालू आहे, त्यात मीही. कोचनी चेंडू हातात दिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणासारखा टाकू?"

ते म्हणाले, "मला काय माहीत? दाखव."

५ सप्टेंबर

शनिवारी हार्लनशी मॅच. सीओनेचा मामेभाऊ तिथे शिकतो, त्याचा निरोप आला: त्यांच्या स्काउट टीममधला एक जण सतरा नंबर लावून फिरतोय — माझा सतरा! — आणि प्रत्येक डावाआधी हेल्मेटवर, डाव्या कानापाशी दोनदा टिचकी मारतोय.

मी असं करतो?

आईला फोन केला. हसतच सुटली. "नाहीतर कशावरून ओळखत होते रे तुला?"